जामनगरच्या किनाऱ्यावर क्रॅब प्लवर

क्रॅब प्लवर ओळखणं सोपं, गाठणं कठीण. पांढरं अंग, काळी पाठ, जाड काळी चोच आणि लांब निळसर-राखाडी पाय. पन्नास मीटरवर उभा असेल तर पुस्तक उघडावं लागत नाही. गोची अशी की कच्छच्या आखातात तो इतक्या जवळ क्वचितच उभा असतो. पाणी ओसरलं की चिखलाच्या मैदानाच्या पार टोकाशी, तापत्या हवेच्या थरथरीत, तो एक पांढरा ठिपका होऊन जातो. आणि आजूबाजूला बगळ्यांचे, कुरवांचे तसलेच ठिपके. म्हणून ही सहल भरती-ओहोटीच्या कोष्टकावर आखायची. हॉटेल आणि गाडी नंतर.

निघण्यापूर्वी

हा आपल्याकडे हिवाळी पाहुणा. त्याची वीण एप्रिल ते ऑगस्टमध्ये ओमान, इराण, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, एरिट्रिया, सोमालिया या पट्ट्यात होते. नंतर हिंदी महासागराच्या कडेकडेने तो पांगतो. भारतात त्याला खात्रीने भेटायचं तर कच्छच्या आखाताचा दक्षिण किनारा गाठावा. ऑक्टोबर ते मार्च केव्हाही चालतं, पण डिसेंबर-जानेवारी सर्वांत बरे. हवा गार असल्याने थरथर उशिरा सुरू होते, शिवाय त्या वर्षीची पिल्लं राखाडी पाठीमुळे अजून वेगळी ओळखता येतात.

तारखेसाठी आधी पंचांग, मग रजेचा अर्ज. या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं आणि तेव्हा ओहोटीचा तळ सकाळ-संध्याकाळी येतो, भरतीचा माथा दुपारी. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तळ भर दुपारी येतो आणि पाणी धड ओसरतही नाही. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळचा तळ साधारण साडेआठला मिळतो, आणि पुढे रोज पाऊण तासाच्या आसपास सरकतो. खालचा कार्यक्रम याच हिशोबाने बसवला आहे.

कोकणातला 'तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ' हा ठोकताळा मात्र इथे आणू नये. भरती आखाताच्या तोंडाकडून, म्हणजे ओख्याकडून, आत येते. सिक्क्याला ती त्यानंतर पोचते, कांडल्याला आणखी उशिरा. मुंबईची वेळ धरून नराराला, म्हणजे आपल्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या ठिकाणी, उतरलात तर हिशोब चांगलाच चुकतो, आणि चिखलावर एवढी चूक म्हणजे पक्षी हुकला किंवा पाय अडकला. मोबाईलवरच्या कोष्टकात सिक्का किंवा वाडीनार हेच बंदर निवडा. आखात आत निमुळतं होत जात असल्याने पाण्याच्या चढ-उताराचा फरकही आत वाढत जातो. या भागात उधाणाला तो पाच मीटरच्या घरात असतो.

दुसरी गोष्ट सूर्याची. जामनगर आपल्यापेक्षा पुष्कळ पश्चिमेला आहे. जानेवारीत तिथे सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो, त्यामुळे सहाला ठिकाणावर पोचून उपयोग नाही.

सामानात ८×४२ ची दुर्बीण पुरते, पण गटात एक तरी स्कोप, म्हणजे तिपाईवरची एकनळी दुर्बीण, हवाच. २०-६० पटीचा असला तरी तो २५-३० वरच ठेवायचा. का ते पुढे येईल. पायात लेसचे, जाड तळाचे जुने बूट. सँडल चिखलात पट्ट्यासकट निघतात, गमबूट आत पाणी शिरलं की उचलवत नाहीत, आणि अनवाणी चाललात तर कालवांच्या शिंपल्या तळपाय कापतात. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, तोंड बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी आणि ओळखपत्र, मूळ आणि प्रत दोन्ही. मुंबईहून सौराष्ट्र मेल थेट जामनगरला जाते.

पहिला दिवस: खिजडिया

खिजडियात क्रॅब प्लवर शोधू नका. इथे यायचं ते त्याच्या तोतयांना भेटायला. जामनगरपासून बारा-एक किलोमीटरवरचं हे अभयारण्य एका बांधामुळे जन्माला आलं. समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून नवानगर संस्थानाच्या जामसाहेबांनी १९२० मध्ये हा बांध घातला. एका अंगाला गोडं पाणी साठलं, दुसऱ्या अंगाला खारा चिखल आणि तिवरं राहिली. २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पक्षी ओळखायला शिकणाऱ्यासाठी बांधाची खरी सोय अशी की उंचीवर उभं राहून दोन्ही बाजूंचे वेडर (चिखलात, उथळ पाण्यात चरणारे पक्षी) एकाच सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून बघता येतात.

सुरुवात शेकाट्यापासून. तो इथे विपुल आहे. काळे पंख, पांढरं पोट, गुलाबी-लाल लांबलचक पाय आणि सुईसारखी चोच. लांबी ३५ ते ४० सेंटीमीटर, म्हणजे क्रॅब प्लवरच्या (३८ ते ४१) जवळपास, पण अंग निम्मंही वाटत नाही. हा फरक डोळ्यांत भरून घ्यायचा. शेकाट्या तीनशे मीटरवरही 'पायांवर ठेवलेला' दिसतो. क्रॅब प्लवर लांब पायांचा असूनही छातीने भरलेला, डोक्याने जड दिसतो.

मग उचाट्या, म्हणजे अ‍ॅव्होसेट. खरा तोतया हाच. पांढऱ्यावर काळं, निळसर पाय, लांबीला थोडा मोठा, तोही थव्याने. जवळून वर वळलेली बारीक चोच सगळं सांगते, पण चारशे मीटरवर ती चोच दिसतच नाही, आणि तेच लक्षात ठेवायचं. उचाट्याची चोच लांबून नाहीशी होते, क्रॅब प्लवरची होत नाही. दुसरी खूण काळ्या रंगाच्या जागेची. उचाट्याच्या कपाळापासून मानेच्या मागपर्यंत काळी टोपी उतरते आणि पाठीवर काळ्या पट्ट्या असतात, मधला भाग पांढरा. क्रॅब प्लवरचं डोकं पांढरं. फार तर डोळ्याभोवती काळपट डाग आणि मानेमागे पुसट करड्या रेघा. पाठीवर मात्र एकसंध काळा तुकडा. तिसरी खूण चरण्याची. उचाट्या उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे विळ्यासारखी फिरवत चालतो. क्रॅब प्लवर टिटवीच्या चालीचा: दोन-चार पावलं पळतो, थबकतो, बघतो, झडप घालतो.

बांधावर करण्याजोगा सराव: तीनशे-चारशे मीटरवरचा पक्षी निवडा, रंगाचं नाव न घेता त्याचं वर्णन जोडीदाराला करा. उभा राहतो कसा, मान आखडलेली की ताठ, चोच डोक्याच्या मानाने किती जाड, चालताना थांबतो का. जोडीदाराने तेवढ्यावरून नाव सांगायचं. रंग शेवटी. बहुतेक चुका रंगापासून सुरुवात केल्याने होतात, कारण चिखलावर समोरून उन्हाची तिरीप आली की सगळेच पक्षी काळे-पांढरे होतात.

मोठा थिक-नी हा पक्षी दिसला तर त्याच्यावर थोडा वेळ घालवा. जाड चोच, मोठे डोळे आणि लांब पाय हे त्रिकूट त्याच्याकडेही आहे आणि खेकडे तोही खातो. पण त्याचे डोळे पिवळे, चोचीचं मूळ पिवळं आणि पाठ मातकट. क्रॅब प्लवरचा डोळा गडद, चोच मुळापासून टोकापर्यंत काळी. राखाडी पाठीचं पिल्लू लांबून पाहून थिक-नी म्हणून खपवलं जातं, ते याच त्रिकुटामुळे.

ऑइस्टरकॅचरची चोच नारिंगी-लाल आणि डोकं काळं. तिथे घोटाळा व्हायला नको. बगळे, कुरव, सुरय दुपारपर्यंत आपोआप नजरेखालून जातात.

संध्याकाळी परतताना एक काम उरकायचं: नराराच्या वन खात्याच्या चौकीची वेळ आणि वाटाड्या फोनवर नक्की करणं. हा सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे (१९८० मध्ये अभयारण्य, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान, देशातलं या प्रकारातलं पहिलं). परवान्याशिवाय आत जाता येत नाही आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा लागतो. घ्यायला लावला नसता तरी घ्यावा.

दुसरा दिवस: नरारा, ओसरत्या पाण्यामागे

जामनगरहून द्वारकेच्या दिशेने साधारण साठ किलोमीटर, वाडीनारजवळ. आजचा तळ साडेआठला, म्हणून साडेपाच-पावणेसहाला निघून उजाडता उजाडता चौकीवर. तिवरांच्या पट्ट्यातून वाट बाहेर पडते आणि समोर उघडं पडत जाणारं मैदान येतं: कडेला गाळ, मग वाळू, मग दगड आणि प्रवाळ. पाणी ओसरत असताना त्याच्या मागोमाग चालत जायचं, तळाच्या आसपास टोकाला पोचायचं आणि लगेच मागे फिरायचं.

चालण्याची रीत अशी. वाटाड्याच्या पावलावर पाऊल. प्रवाळावर पाय नाही. जिवंत प्रवाळ बऱ्याचदा तपकिरी गोट्यासारखं दिसतं आणि नवख्याला दगडच वाटतं. साचलेल्या डबक्यातून जाताना पाय उचलून न टाकता घसटत न्यायचा, म्हणजे वाळूत दडलेला पाकट आधीच सरकतो. फुगा मासा, ऑक्टोपस, समुद्रफूल हे सगळं वाटेत भेटतं आणि वाटाडे कौतुकाने हातावर काढूनही दाखवतात. त्यांना नको म्हणून सांगावं. पाण्याबाहेर काढलेला फुगा मासा हवा भरून फुगतो आणि ती हवा त्याला सहज सोडता येत नाही.

आज क्रॅब प्लवर दिसतील, पण दूर. त्याला कारण आहे. ओहोटीबरोबर पक्षी पाण्याची कड धरून आत जातात, कारण नुकत्याच उघड्या पडलेल्या ओल्या चिखलात खेकडे बिळाबाहेर असतात. वाळत आलेल्या भागात ते आत दडून बसतात. म्हणजे पाणी तळाला असतं तेव्हा पक्षी आपल्यापासून सर्वांत लांब आणि सर्वांत विखुरलेले असतात. 'नराराला गेलो, समुद्रजीव पाहिले, प्लवर ठिपक्याएवढे दिसले' अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचं मूळ एवढंच की चालण्याची वेळ आणि पक्ष्याची वेळ एक नाही.

तरी आजचा दिवस वाया नाही, कारण ठिपक्यांवरून ओळख पटवायचं शिक्षण याच अंतरावर होतं. आखाताचा हा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, त्यामुळे समुद्राकडे बघताना सकाळपासून ऊन पाठीशी किंवा उजव्या खांद्यामागे राहतं. स्कोप २५ वर लावून मैदान डावीकडून उजवीकडे हळूहळू विंचरायचं. ६० पटीवर नेलं तर पक्षी मोठा होतो, पण हवेची थरथरही तितकीच मोठी होते आणि चोचीच्या कडा पाण्यातल्यासारख्या हलतात. थरथर दहाच्या सुमारास वाढते. त्यानंतर लांबच्या पक्ष्याबद्दल चोचीवरून काहीही म्हणू नये, फक्त चालीवरून.

पांढरा ठिपका दिसला की पहिला प्रश्न चालीचा. एका जागी खिळून मान पुढे काढलेला असेल तर बगळा. इथला समुद्री बगळा पांढऱ्या आणि काळपट करड्या अशा दोन्ही रूपांत असतो आणि पांढरा फसवतो; पाय पसरून पाण्यात धावणं, पंख उघडणं हे त्याचे चाळे. ठिपका आडवा आणि पाय नसल्यासारखा असेल तर कुरव. पळ-थांब-पळ असा असेल, आणि थांबल्यावर अंग उभट, डोकं खांद्यांत घुसलेलं असेल, तर नजर तिथेच रोवून तो आडवा वळायची वाट बघायची. वळला की पाठीचा काळा तुकडा एकदम दिसतो. समोरून क्रॅब प्लवर जवळजवळ पूर्ण पांढरा असतो. त्याला बगळ्यात किंवा कुरवात मोजलं जातं ते या क्षणी.

उडताना मात्र ओळख पक्की होते. पंखाचा पुढचा अर्धा पांढरा, मागचा अर्धा आणि टोकं काळी, पाठीवर काळा तुकडा, खालून पंख पांढरे, पाय शेपटीच्या पुष्कळ बाहेर. रांगेत किंवा तिरप्या ओळीत, पाण्यालगत खालून उडतात. उचाट्याच्या पंखावर याउलट पुढच्या भागातच एक तिरपी काळी पट्टी असते. काळा मागे की पुढे, एवढंच बघायचं.

आवाज आधीच पाठ केलेला असावा. थवा बोलत असतो: दुरून लहान कुत्रं भुंकावं तसा, 'का-हाऊ, का-हाऊ'. वारा समुद्रावरून असेल तर पक्षी दिसण्याआधी हा ऐकू येतो. त्यात मिसळलेली बारीक, चिकाटीची शीळ आली तर तिथे पिल्लं आहेत.

परतीची वेळ. भरती सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण उंचीच्या बाराव्या भागाएवढी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक, असा ढोबळ हिशोब आहे. फरक पाच मीटरचा धरला तर पहिल्या तासात जेमतेम चाळीस सेंटीमीटर, आणि तिसऱ्या तासात सव्वा मीटर. पहिल्या तासातल्या संथपणाला लोक फसतात. शिवाय पाणी समोरून सरळ येत नाही. आधी खोलगट नाळींतून मागे शिरतं, आणि आपण उंचवट्यावर कोरडे उभे असताना किनाऱ्याकडची नाळ भरलेली असते. साडेआठचा तळ असेल तर नऊला तोंड किनाऱ्याकडे, समोर काहीही असो.

तिसरा दिवस: नरारा, चढत्या पाण्याची वाट पाहत

आज उलट. तळ सव्वानऊचा, माथा साडेतीनच्या आसपास. सकाळी घाई नाही. साडेदहाला तिवरांच्या कडेला पोचलं तरी चालतं. चालायचं जवळजवळ नाहीच. वाटाड्याला विचारून असा कोपरा निवडायचा जिथे मागे कोरडी वाट आहे, समोर वाळूचा किंवा शिंपल्यांचा जरासा उंच पट्टा आहे आणि बाजूला झुडपांचा आडोसा. त्या उंच पट्ट्याला महत्त्व आहे: पाणी चढलं की पक्ष्यांना उभं राहायला तेवढीच जागा उरते. रेतीवर कालच्या विष्ठेचे पांढरे शिंतोडे आणि खेकड्यांच्या पायांचे तुकडे असतील तर जागा बरोबर आहे. पट्ट्यापासून शंभर-सव्वाशे मीटर अंतर ठेवून खाली बसायचं, उभं राहायचं नाही, आणि एकदा बसल्यावर जागा बदलायची नाही.

तळानंतर तिसऱ्या तासापासून, म्हणजे बाराच्या पुढे, हालचाल सुरू होते. मैदानाचा उतार इतका कमी आहे की मीटरभर पाणी चढलं तर काठ काही शे मीटर मागे येतो. त्याबरोबर पक्षीही येतात. आधी लहान वेडर, मग गॉडविट, कर्ल्यू, आणि क्रॅब प्लवर टप्प्याटप्प्याने: वीस-तीस मीटर उडून उतरतात, चरतात, पाणी पोटऱ्यांना लागलं की पुन्हा उडतात. दुपारची थरथर आता आड येत नाही, कारण अंतरच उरलेलं नसतं. काल दिवसभर चालून जे मिळालं नाही ते आज बसून मिळतं.

इथून ओळखण्याचं काम संपून समजून घेण्याचं सुरू होतं. आधी खाणं. लहान खेकडा सरळ गिळला जातो. मोठा पकडला की झटकून आपटून त्याचे पाय-नांग्या वेगळ्या केल्या जातात, कवचावर चोचीचे घाव बसतात, मग तुकडे. जाड चोच आणि जबड्याचे मोठे स्नायू याचसाठी. डोकं जड दिसतं त्याचंही हेच कारण. खेकड्यांखेरीज चिखलातले उड्या मारणारे मासे आणि किडेही चालतात. डोळे मोठे आहेत कारण हा पक्षी संध्याकाळी आणि रात्रीही चरतो. त्याचं वेळापत्रक उजेडापेक्षा पाण्यावर चालतं. भर दुपारी थवा झोपलेला दिसला तर तो सुस्त आहे असं लिहू नका, रात्रीची ओहोटी त्याने कामात घालवलेली असू शकते.

मग वय. थव्यात काळ्या पाठींमध्ये रुपेरी-राखाडी पाठी दिसतील, डोक्यावर-मानेवर जास्त रेघा असलेल्या. ती त्या वर्षीची पिल्लं. पण नुसत्या पाठीवर विसंबू नये. तिरप्या उन्हात काळी पाठही चकाकून राखाडी भासते. खात्रीची खूण वागण्यात आहे. पिल्लू अंग चोरून, मान खाली घालून मोठ्या पक्ष्यापुढे उभं राहतं, शीळ घालत मागे मागे फिरतं, आणि मोठा त्याला खेकडा देतो. जानेवारीतही! बहुतेक वेडरांची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच स्वतः टिपायला लागतात. हे पिल्लू मात्र हजार किलोमीटरवर उडून आल्यावरही आईबापांकडे मागतं.

या लाडाचं मूळ घरट्यात आहे. क्रॅब प्लवर वाळूत बीळ खणतो, अडीच मीटरपर्यंत लांब, वसाहतीने. आत एकच अंडं, पांढरं. उघड्यावर अंडी घालणाऱ्या वेडरांची अंडी ठिपक्यांची, मातीत मिसळून जाणारी असतात. अंधारात रंग कशाला? वाळू तापलेली असल्याने बिळातलं तापमान अंड्याला लागणाऱ्या उबेच्या जवळ राहतं, ३५ अंशांच्या आसपास, आणि आईबापांना बराच वेळ अंडं सोडून जाता येतं. पिल्लू बाहेर येतं ते दुबळं, चालता न येणारं. ते बिळातच राहतं आणि अन्न आत पोचवलं जातं. एकाच पिल्लावर सगळी गुंतवणूक असल्याने ती हिवाळ्यापर्यंत चालू राहते. हा पक्षी आपल्या कुळात (ड्रोमॅडिडी) एकटाच आहे. आनुवंशिक नातं प्लवरांपेक्षा धाविक आणि प्रॅटिनकोल या पक्ष्यांशी जवळचं. नावातल्या 'प्लवर'वर जाऊ नये.

मोजणी माथ्याच्या तासभर आधी करायची. तेव्हा थवा दाटीने, वाऱ्याकडे तोंड करून उभा असतो. बाजूने बघितल्यास अंगं एकमेकांआड जातात, म्हणून डोकी मोजायची, पाय नव्हेत. आधी दहा पक्षी नीट मोजून तेवढा तुकडा डोळ्यांत बसवायचा, मग तसे तुकडे पुढे मोजत जायचे. तीनदा मोजून मधला आकडा लिहायचा. सर्वांत मोठा लिहिण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. वयाचं प्रमाण काढायचं तर थव्याच्या दोन्ही कडा आणि मध्य अशा तीन ठिकाणचे पक्षी घ्या, कारण मागणारी पिल्लं एकगठ्ठा उभी असली तर एका कडेवरून काढलेलं प्रमाण भलतंच येतं. पायात धातूचं कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, वरून खाली रंगांचा क्रम, हे तिथल्या तिथे लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेला क्रम निरुपयोगी.

फोटोत एकच गोष्ट बिघडते: पांढरा जळतो, म्हणजे पिसांचा तपशील जाऊन नुसता कोरा पांढरा उरतो. ओला चिखल चकाकतो, पक्षी पांढरा, आणि कॅमेरा काळ्या पाठीकडे बघून उजेड वाढवतो. एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप कमी ठेवा, पिसांच्या रेघा दिसतात का ते पडद्यावर मोठं करून तपासा. पिल्लांच्या मानेवरच्या करड्या रेघा पहिल्यांदा जळून जातात, आणि नेमक्या त्याच पुरावा म्हणून लागतात.

थव्यातली डोकी एकामागून एक वर झाली की आपण जास्त जवळ आलो आहोत. तिथेच थिजायचं, नंतर वाकून मागे. भरतीच्या माथ्याला थवा उठवला तर त्याला दुसरी कोरडी जागा शोधत फिरावं लागतं, आणि रात्री चरून मिळवलेलं सगळं त्यात खर्च होतं. ड्रोनचा तर विषयच नको.

चौथा दिवस: बालाछडी

जामनगरच्या ईशान्येला पंचवीस-एक किलोमीटरवर. तळ दहाचा, आठला पोचावं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासित मुलांना जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी इथेच आसरा दिला. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची पोलिश निर्वासितांची छावणीही त्याच काळातली.

क्रॅब प्लवर इथे मिळेलच असं नाही. मिळाला नाही तरी किनाऱ्यावरचे सँड प्लवर, टेरेक सँडपायपर, पट्टेरी शेपटीचे गॉडविट बघत कालची पद्धत पुन्हा वापरायची: चाल, बांधा, चोच, मग रंग. दोन तास पुरतात.

उरलेला वेळ नोंदीला. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नरारा दोन वेगळ्या याद्यांत टाका: ओहोटीची चालत केलेली, अंतरासह, आणि भरतीची एका जागी बसून केलेली, वेळेसह. दोन्ही एकत्र केल्या तर तेच पक्षी दोनदा मोजले जातात, आणि विखुरलेले असताना किती आणि गोळा झाल्यावर किती हा फरकही पुसला जातो. शेऱ्यात त्या दिवशीच्या तळाची व माथ्याची वेळ, बंदराचं नाव, पक्ष्यांचं अंतर, काळ्या पाठीचे किती आणि राखाडी पाठीचे किती नीट पाहिले, आणि पिल्लाला खाऊ घालताना पाहिलं का, एवढं लिहा. लांबून पाहिलेले आणि पाठ न दिसलेले पांढरे ठिपके क्रॅब प्लवरच्या आकड्यात धरू नका.